बटण दाबलं की गाडी

बाबांचा उजवा हात गेला तेव्हा त्यांना निवृत्त होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. हात गेला असं आपण म्हणतो. हात होता जागेवरच, फक्त बाबांचं ऐकेनासा झाला होता, आणि बाबांचं न ऐकणारं असं त्यांच्या आयुष्यात तोवर काही आलंच नव्हतं. आई ऐकायची, मी ऐकायचे, अख्खं हायस्कूल ऐकायचं. एका सकाळी अंघोळीला म्हणून उठले आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसले ते बसलेच. अर्धांगाचा झटका, डॉक्टर म्हणाले. पाय थोड्या दिवसांनी परत आला, जीभ अर्धीमुर्धी परत आली. हात मात्र मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा पडून असायचा.

महाडात मास्तर पुष्कळ, पण त्या काळात नुसतं 'सर' म्हटलं की आमचे बाबाच. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाट चढायला लागतो तिथल्या एका वाडीतून शिकायला खाली उतरलेले, आणि शिकून हेडमास्तर झालेले. त्यांची ख्याती दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे ते वर्गाचं दार कधी लावत नसत. पावसाची झड आत येऊन पुढचा बाक भिजला तरी दार उघडंच. "दार लावून शिकवणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं," असं ते नव्याने लागलेल्या मास्तरांना बजावत. दुसरी गोष्ट एस.टी. स्टँडमागच्या व्हिडिओ गेमच्या दुकानाची. मधल्या सुट्टीनंतर वर्गातले बाक रिकामे दिसले की बाबा खडूचे हात न झटकता तिथे जायचे आणि पोरांना कॉलर धरून भर बाजारपेठेतून परत आणायचे. "खेळायचं तर मैदानावर मरा की! खोक्यापुढे बसून कसले खेळता?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ती वरात बघायला दुकानदार गल्ला सोडून पायरीवर येत. मीही लहानपणी ती पाहिलीय, आणि मला बाबांचा भारी अभिमान वाटायचा.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. हात गेला तेव्हा मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं आणि महाडच्या गल्लीगल्लीत क्लास निघाले होते. प्रत्येकाच्या पाटीवर 'उज्ज्वल भविष्य' असायचंच. माझ्या सरावासाठी घरातही सुटे भाग जोडून केलेला एक कॉम्प्युटर होता. मधल्या खोलीत, खिडकीशी, आईने विणलेलं क्रोशाचं कव्हर घालून तो बसलेला असायचा. आई त्याच्यावरची धूळ रोज पुसायची, पण त्याला हात लावताना देवाची परवानगी घेतल्यासारखा चेहरा करायची.

डॉक्टरांनी हाताच्या व्यायामाला एक रबरी चेंडू दिला होता. दाबायचा आणि सोडायचा, दाबायचा आणि सोडायचा. बाबांनी तो पहिल्याच दिवशी पलंगाखाली सोडला. लहान मूल आहे का मी, असं त्यांना म्हणायचं होतं. ते बोलता आलं नाही म्हणून आणखी चिडले. सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर आम्ही त्यांना रिक्षाने नेत होतो. तिथे गुडघ्याची, कमरेची, सांध्यांची मंडळी पाण्यात पाय सोडून एकमेकांच्या दुखण्यांची चौकशी करत. सरांना बघून सगळे सावरून बसत. बाबा हात पाण्यात घालून डोळे मिटून घेत. हात लालबुंद होऊन निघायचा आणि होता तसाच राहायचा.

एका दुपारी मी घरी स्पीकर तपासत होते. तपासायला म्हणून गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम लावला होता. डोंगरातला रस्ता, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि बोनटपर्यंतचं चित्र असं की आपणच गाडीत बसलोय. बाबा मागे आरामखुर्चीत होते. मला वाटलं आता ओरडणार, म्हणून मी आवाज कमी केला. तर मागून आलं, "वाढव." मी वळून पाहिलं. ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते. मग डाव्या हाताने त्यांनी उजवा हात उचलला, बाजारातून आणलेली वस्तू ठेवावी तसा कीबोर्डवर ठेवला आणि म्हणाले, "कुठलं?"

वर बाण असलेलं बटण दाबलं की गाडी पुढे जायची. डावा बाण, उजवा बाण वळायला. बाबांची गाडी सुटली ती थेट दरीत गेली. ते हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा हसले, तेही अर्ध्याच तोंडाने. पुन्हा दरीत गेले, पुन्हा हसले. मला वाटलं होतं एखादा दिवस चालेल ही हौस. पण त्यांच्यात कुठलंसं जुनं काहीतरी जागं झालं होतं. फार पूर्वी एकदा ते बोलून गेले होते, की लहानपणी घाटाच्या कठड्यावर बसून ते एस.टी.चे ड्रायव्हर वळणं कशी घेतात ते बघत बसायचे, आणि मोठेपणी तेच व्हायचं त्यांनी ठरवलं होतं. मग शाळेत पहिला नंबर आला आणि ते राहून गेलं.

अडचण एवढीच होती की गेमपर्यंत पोचणं त्यांना जमेना. माउसची दोन टिचक्यांची भानगड त्या हाताला शक्य नव्हती. एकदा चित्रं फरफटत नेऊन सगळी कचऱ्याच्या डब्यात टाकली. एकदा माझ्या क्लासची प्रश्नपत्रिका उघडली आणि तिच्यात पानभर एकच अक्षर उमटवून ठेवलं. आईला यातलं काही कळत नव्हतं, आणि मला विचारायला त्यांचा मान आडवा यायचा. मग ते काहीच न करता बसून राहत. एकदा मी क्लासहून येताना खिडकीतून पाहिलं, तर बाबा बंद मॉनिटरसमोर ताठ बसले होते, उजवा हात कीबोर्डवर ठेवून. मी येईपर्यंत असेच बसतात, आई म्हणाली. जेवण झाल्यापासून.

ते बघून मला फार वाईट वाटलं आणि त्याच दिवशी मी तो उद्योग केला. कॉम्प्युटरच्या पोटात एक फाइल असते आणि तिच्यात एक ओळ असते: जागा झालास की आधी हे उघड. त्या ओळीत जे नाव असेल तेच उघडतं, एरवीचा तो निळा पडदा आणि त्याच्यावरची चित्रं सगळी त्या एका ओळीच्या जिवावर. मी ते नाव पुसलं आणि तिथे माझ्या स्वतःच्या छोट्या प्रोग्रॅमचं नाव लिहिलं. आता बटण दाबलं की पडद्यावर दोनच चौकोन यायचे, भाकरीएवढे मोठे. हिरवा गाडीचा, लाल बंद करायचा. थोडा वेळ कुणी काहीच दाबलं नाही तर गाडी आपोआप सुरू व्हायची. बाकी काही नाही. चुकायला जागाच ठेवली नव्हती. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की क्लासमध्ये सांगायला मी अधीर झाले होते. पण काय सांगणार? सर गेम खेळतात म्हणून? ते शब्द तोंडातच राहिले, आणि तिथून पुढे सगळंच तोंडात राहायला लागलं.

हात मात्र सुधारत होता. आधी बोटं हलली, मग पकड आली. सदऱ्याची वरची गुंडी बाबांनी स्वतः लावली तेव्हा आई देवापुढे साखर ठेवून आली. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "चेंडूचा व्यायाम चालू ठेवा." आम्ही तिघांनीही माना डोलावल्या.

आईची लाज माझ्याहून मोठी होती. ती सरांची बायको होती. भाजीवाली तिला निवडून मेथी द्यायची ती त्यामुळेच, आणि हळदीकुंकवाला तिची बसायची जागा ठरलेली होती तीही त्यामुळेच. दुपारी गाडीचा घर्रर्र आवाज सुरू झाला की ती मिक्सर लावायची. त्या वर्षी आमच्याकडे रोज चटणी होती. खोबऱ्याची, लसणाची, तिळाची, कारळ्याची. एकदा शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या आणि नेमके तेव्हा दिवे होते, गाडी चालू होती आणि मिक्सरमध्ये काही नव्हतं. "कसला आवाज येतोय हो?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "कॉम्प्युटर आहे तो. सर पुस्तक लिहितायत."

खोटं बोलायचं तर माणसाने आपल्याला झेपेल एवढंच बोलावं. पण आईला सवय नव्हती, त्यामुळे तिने एकदम मोठंच काढलं. कशावर पुस्तक, हे विचारल्यावर "महाड-पोलादपूरच्या जुन्या घाटवाटांवर" असंही सांगून टाकलं. बाबांना शोभेल असं तेच तिला सुचलं. मी क्लासहून आले तेव्हा ती ओट्याशी उभी राहून ओच्याने डोळे पुसत होती. "मग काय सांगायचं होतं?" ती मलाच म्हणाली. "त्यांनी ज्यांच्या कॉलरी धरल्या ते आता त्याच बाजारात दुकानं घालून बसलेत." मी तिला धीर दिला. "चांगलं केलंस," असं म्हटलं. ते मनापासून म्हटलं होतं, कारण तोवर मीही माझ्या विद्यार्थ्यांना पडवीतूनच वाटेला लावत होते.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. सर पुस्तक लिहितायत, तेही एका हाताने, तेही कॉम्प्युटरवर! लोकांना केवढं भरून आलं. एक निवृत्त तलाठी येऊन जुन्या पायवाटा सांगून गेले. तुडीलहून एक म्हातारे गृहस्थ खास आले. त्यांच्या आजोबांच्या वेळी सावित्री नदीतून होड्या कुठवर येत होत्या ते त्यांना पुस्तकात हवं होतं. बाबा सगळ्यांचं ऐकून घेत. मान खाली, उजवा हात डाव्या हाताने झाकलेला. मी वाट बघत होते, की आता ते म्हणतील, हे खोटं आहे. पोरांनी खोटं बोललेलं त्यांना वर्गाच्या शेवटच्या बाकावरून कळायचं. पण ते काही म्हणाले नाहीत. पाहुणे गेले की बटण दाबायचे आणि गाडी सुरू करायचे, मिक्सर लागायची वाट बघून.

या सगळ्यात लाज नसलेला माणूस एकच होता, तो म्हणजे काका. बाबांचा धाकटा भाऊ, वाडीवर राहणारा, वरी-नाचणी करणारा. पोलादपूरला बाजाराला आला की एस.टी.ने महाडला यायचा, जमिनीवर फतकल मारून बाबांच्या खुर्चीला पाठ टेकायचा आणि पडद्याकडे बघत ओरडायचा, "दादा, वलव! वलव रे! आता गेलास बघ खाली!" बाबाही त्याच्याबरोबर ओरडायचे, शब्द नीट नसलेलं काहीतरी. आई आतून "हळू, हळू" म्हणत यायची. एकदा काकाने मला विचारलं, "तुझी आय अशी का करते गो?" मी म्हटलं, लोक काय म्हणतील याची तिला लाज वाटते. त्याला ते समजलंच नाही. "लाज कसली गो त्यात? तो काय कोनाच्या शेतात ढोरं घालतोय?"

माझ्या मनात आलं, तुम्हाला काय कळणार वाडीवर बसून. हे मनात आलं होतं हे मला अजून आठवतं.

गुरुपौर्णिमेला बाबांचे जुने विद्यार्थी दरवर्षी यायचे. ज्यांना जमेल ते यायचे, नारळ ठेवायचे, पाया पडायचे, चहा घेऊन जायचे. त्या वर्षी मात्र ते ठरवून आले. चौघे होते. पुढे एक वकील, त्यांच्यामागे मुंबईत बँकेत असलेले एक गृहस्थ, बाजारपेठेतले एक कापड दुकानदार, आणि त्यांचा कुणी वर्गमित्र. सगळ्यांची पोटं सुटलेली, पण बाबांपुढे आले की हात मागे बांधून उभे राहायचे. शाल आणली होती, पेढे आणले होते. वकील म्हणाले, "सर, आम्ही ठरवलंय. तुमचं पुस्तक आम्ही छापणार. तुम्ही फक्त लिहा." आणि मग हात जोडून, "आज पहिलं प्रकरण ऐकायचंय. तेवढा आशीर्वाद द्या."

बाबा माझ्याकडे बघत होते. आई पेढ्यांचा बॉक्स हातात घेऊन तशीच उभी. मी म्हटलं, "कॉम्प्युटर बिघडलाय." बँकवाल्यांनी बाह्या सरसावल्या. "अगं मग सांगायचं नाही का? ऑफिसात सगळ्यांचे मीच बघतो." मी म्हटलं, दिवे गेलेत. आणि वर पंखा गरगर फिरत होता. एरवी आमच्याकडे वारा जरा जोरात सुटला तरी जाणारे दिवे, भर आषाढात त्या दिवशी हटून बसले होते.

ते सगळे मधल्या खोलीत आले. दुकानदारांनी क्रोशाचं कव्हर हलक्या हाताने बाजूला केलं. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी आमच्याकडे दसऱ्याला करतात, शस्त्राला, अवजाराला, वहीला. मॉनिटरच्या कपाळावर हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं, नमस्कार केला. "सरांची लेखणी," ते म्हणाले. सगळ्यांनी हात जोडले. आईनेही जोडले, दुसरं काय करणार? आणि बँकवाल्यांनी बटण दाबलं.

हिरवा चौकोन, लाल चौकोन. सगळे भक्तिभावाने बघत राहिले, पुस्तक उघडतंय म्हणून. कुणी काहीच दाबलं नाही, त्यामुळे मी केलेल्या सोयीप्रमाणे गाडी आपोआप सुरू झाली. आवाज बाबांनी पूर्ण मोठा ठेवलेला असायचा. तो गेम सुरू होताना तोकड्या कपड्यातली एक बाई कमरेवर हात ठेवून झेंडा हलवायची. तिच्या बरोबर डोक्यावर कुंकवाचा टिळा लागला होता. आईने पदर तोंडाला लावला.

"चुकून काहीतरी..." असं म्हणत बँकवाल्यांनी दोन-तीन बटणं दाबली. पुन्हा हिरवा चौकोन, लाल चौकोन. पुन्हा दाबली. पुन्हा तेच. कोपऱ्यात बघितलं, खाली बघितलं, माउस फिरवला. मग अगदी निरागसपणे, कोडं सुटत नसल्यासारखं ते म्हणाले, "यात दुसरं काहीच नाही?"

तोवर गाडी पुन्हा आपोआप सुरू झाली होती आणि पडद्यावर नुसती उभी राहून घुरघुरत होती. दुकानदार जमिनीकडे बघत होते. त्यांची कॉलर बाबांनी कितीदा धरली होती ते मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं, आणि बाबांनाही. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि त्या कॉम्प्युटरसकट मला पोटात घ्यावं. एवढी हुशारी केली होती ना मी, चुकायला जागा ठेवली नव्हती. लपायलाही ठेवली नव्हती.

"नाही," बाबा म्हणाले. जड जिभेने, पण वर्गात म्हणत तसं सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दुसरं काही नाही. पुस्तक नाही. मी... खेळतो."

त्यांनी बोलायला नको होतं असं तेव्हा मला वाटलं. दुकानदारच आधी सावरले. "चांगलंय की सर. हाताला व्यायाम होतो," असं फार मऊ आवाजात म्हणाले, आजाऱ्याशी बोलतात तशा. ते मऊपण मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. हसले असते तर बरं झालं असतं. मग ज्यासाठी आले होते ते त्यांनी उरकलं. गाडी मागे घुरघुरत असताना बाबांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ हातात दिला, एकेक जण पाया पडला. उजव्या हाताला नारळ पेलेना तेव्हा मी तो घेतला. चहा न घेता सगळे गेले, वकिलांना कोर्टाचं काम होतं. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी होती.

पुढचे आठ-पंधरा दिवस मी बाजारातून मान खाली घालून गेले. "मग, सरांचा कितवा नंबर आला?" असं एकाने विचारलं. "तुम्ही दहावीला किती वेळा बसलात ते सांगा, मग सांगते," असं मी सुनावलं, आणि घरी येऊन मोरीत पाणी सोडून रडले. बाबांसाठी रडले असं म्हणायला आवडलं असतं. मी माझ्यासाठी रडले. सरांची मुलगी म्हणून मला जे फुकट मिळत होतं, ते गेलं म्हणून.

बाबा त्या दिवसापासून मशीनपाशी गेले नाहीत. मग एकदा जेवताना म्हणाले, "काढून टाक." मी हात धुऊन लगेच उठले. ती फाइल उघडली, ती ओळ पुसली आणि तिथे लिहिण्याच्या प्रोग्रॅमचं नाव घातलं. आता बटण दाबलं की कोरं पान. दुसरं काही नाही. आई म्हणाली, "आता खरंच लिहा की हो." बाबांनी मान हलवली. मला खूप हलकं वाटलं, आणि आज त्या हलकं वाटण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुपारी बाबा कोऱ्या पानापुढे बसायला लागले. आलेगेले खिडकीतून बघायचे: सर बसलेत लिहायला. गाव तसं विसराळू असतं. गणपतीपर्यंत पुन्हा नमस्कार सुरू झाले, मेथीची निवडक जुडी सुरू झाली. मिक्सर थांबला. हात मात्र पुन्हा मागे जायला लागला होता. सदऱ्याची गुंडी आई लावायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, "चेंडू दाबता ना?" आम्ही तिघांनीही माना डोलावल्या.

काका गणपतीला मोदकांसाठी नारळ घेऊन आला, तेव्हा नेहमीसारखा फतकल मारून बसला आणि पडद्याकडे बघून बुचकळ्यात पडला. "दादा, ह्यात रस्ता नाय?"

"नाही," बाबा म्हणाले.

"मग बसून काय करतोस?" काका जरा वेळ त्या पांढऱ्या पानाकडे बघत बसला आणि उठून आईशी बोलायला आत गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी क्लासहून दुपारीच घरी आले. दिवे गेले म्हणून क्लास सोडला होता, पण आमच्या गल्लीत होते. आई शेजारी गेली होती. मी चपला काढून आत आले ते बाबांना ऐकू गेलं नाही. मधल्या खोलीचं दार उघडं होतं. कोरं पान, वर डाव्या कोपऱ्यात ती उभी रेघ लुकलुकत होती. बाबांचं बोट वर बाण असलेल्या बटणावर होतं, गच्च दाबलेलं. रिकाम्या पानावर ते बटण दाबून काही होत नाही, रेघ जागची हलत नाही. पण बाबा हळूहळू डावीकडे कलले, अंगाने, पूर्ण खांदा टाकून, आणि डाव्या बाणावर बोट सरकलं. मग उजवीकडे कलले. तोंडाने बारीक आवाज करत होते, कुणाला ऐकू जाऊ नये इतका बारीक. घर्रर्र. मग पुन्हा डावीकडे. मोठं वळण असावं, बराच वेळ कललेले होते.

मी दारात किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी त्यांना माझी चाहूल लागली. हात झटक्यात मांडीवर आला, डाव्या हाताने त्यांनी तो झाकला. चेहरा लाल झाला होता. बाबांना लाजताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी पुढे गेले, त्यांच्या खुर्चीपाशी बसले, काका बसायचा तिथे. "बाबा," मी म्हटलं, "परत लावू का गाडी?"

त्यांनी खिडकीकडे बघितलं, रस्त्यावरून कुणी जात नव्हतं. माझ्याकडे बघितलं नाही.

"लाव," ते म्हणाले. "पण आधी दार लाव."

मी उठले आणि दार लावलं. खिडकीही लावून घेतली. मग आम्ही दोघांनी अंधारात बसून ती ओळ बदलली.